यंत्र थांबविण्याची विद्या

दिवाळी सरली आणि बांध्यांतील धान कापून झाले, की वैनगंगेकाठच्या आपल्या गावांतील रात्रीला एक निराळाच आवाज येतो. पूर्वी खळ्यावर बैलांची पात फिरे, हाकणाऱ्याची हाळी कानी पडे आणि पहाटेच्या दवात चुरण्याचे काम चाले. आता ट्रॅक्टरमागे जोडलेले मळणीयंत्र रात्रभर घरघरत असते. कापणी आणि मळणी एकदमच उरकणारी हार्वेस्टर यंत्रे मोठ्या शेतांत आली आहेत हे खरे. परंतु लहान शेतकऱ्याचे पुंजणे अद्यापि थ्रेशरचीच वाट पाहत उभे असतात. त्या यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या लोटीत जो उभा असतो, तो पुष्कळदा आपल्याच शाळेचा नववी-दहावीतला विद्यार्थी असतो. सकाळी तोच मागच्या बाकावर डुलक्या घेत असतो, आणि शिक्षकही त्यास फारसे रागे भरत नाहीत. कारण रात्री तो कोठे होता हे सर्वांस ठाऊक असते.

अशाच एका मुलाच्या वडिलांनी पालकसभेत उभे राहून म्हटले, “गुरुजी, आमच्या पोराला त्या वर्कशॉपात घालू नका. कुठे हातबित सापडला तर काय करायचं?” सभेत दोन-चार माना होकारार्थी हलल्या. आम्हांस त्या वडिलांच्या काळजीचे हसू आले नाही आणि येऊही नये. परंतु ज्या हाताची चिंता त्यांस दिवसा शाळेत वाटते, तोच हात रात्री घरच्या खळ्यावर उघड्या यंत्रापाशी असतो, आणि तेथे त्याला कोणी काही शिकविलेले नसते, ही गोष्ट त्या सभेत कोणी बोलले नाही. ती येथे बोलावी, म्हणून हा लेख.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. शेतकी यंत्रांच्या कर्मशाळेला कुलूप घातल्याने मुले सुरक्षित होत नाहीत. त्याने फक्त शाळा सुरक्षित होते. यंत्र मुलांच्या आयुष्यात आलेलेच आहे. ते शिक्षकाच्या देखरेखीखाली भेटावे की अंधारात, पेट्रोमॅक्स किंवा मोबाइलच्या उजेडात भेटावे, एवढीच निवड आपल्या हाती आहे. मात्र कर्मशाळा उघडी ठेवावयाची तर तेथे सर्वांत आधी काय शिकवावयाचे, ह्याविषयी आमचा आजच्या पद्धतीशी मतभेद आहे. आज मुलगा कर्मशाळेत शिरला की तो यंत्र सुरू कसे करावयाचे ते शिकतो. आमच्या मते त्याने पहिला महिना ते थांबवावयाचे कसे, एवढेच शिकावे.

पुष्कळांना वाटते की “सावध राहा” असे चारदा बजावले म्हणजे काम झाले. हा उपदेश किती पोकळ आहे हे पाहण्यास थोडे अंकगणित पुरे आहे. ट्रॅक्टरच्या पाठीमागून जो फिरता दांडा मळणीयंत्रास गती देतो, त्याला सर्वजण पीटीओ म्हणतात. त्याची सर्वमान्य गती मिनिटाला 540 फेरे आहे. म्हणजे सेकंदाला 9. दांड्याची जाडी 5 सेंटीमीटर धरली, तर त्याचा घेर सुमारे 15.7 सेंटीमीटर भरतो. आता कोणाच्या गळ्यातील गमछ्याचे टोक त्यावर पडले, तर एका सेकंदात सुमारे 1 मीटर 40 सेंटीमीटर कापड गुंडाळले जाईल. गमछा तेवढाच असतो! शिवाय कापडाचे थर चढतात तसा दांडा जाड होतो आणि ओढ वाढतच जाते. ओढ लागली हे मेंदूस कळावयास, कळल्यावर ओरडावयास, ओरड ऐकून दुसऱ्याने ट्रॅक्टरवर चढून क्लच दाबावयास किती वेळ लागेल, हे वाचकांनी घड्याळ लावून पाहावे. सावधपणा सेकंदाच्या त्या नवव्या हिश्शापर्यंत पोहोचतच नाही. तेथे उपयोगी पडते ते दांड्यावरचे आवरण, आणि उपयोगी पडते ते गळ्यात नसलेले कापड.

धार लावण्याच्या चाकाचेही असेच आहे. ज्याला आपण ग्राइंडर म्हणतो ते 15 सेंटीमीटर व्यासाचे लहानसे चाक दिसावयास किती निरुपद्रवी! पण ते मिनिटाला सुमारे 2800 फेरे घेते. त्याच्या कडेचा वेग काढा: ताशी 79 किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणजे चाकाचा सुटलेला कण रेल्वेगाडीच्या वेगाने डोळ्याकडे येतो, आणि पापणीला तेवढी घाई करता येत नाही. म्हणून चष्मा हवा. आणि तो भिंतीवरच्या खुंटीवर नव्हे, डोळ्यांवर हवा. हत्यार टेकविण्याची पट्टी आणि चाक ह्यांत 3 मिलिमीटरहून अधिक फट राहू देऊ नये, नाही तर हातातील वस्तू त्या फटीत ओढली जाते आणि चाक फुटते. नवे चाक बसविण्यापूर्वी ते बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहावे. खणखणीत नाद आला तर चाक चांगले, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. आपल्या आया बाजारात मडके घेताना हीच परीक्षा करतात, आणि कुंभार त्याचा राग मानीत नाही. मग दुकानदारापुढे चाक वाजवून पाहण्याची आपल्यास लाज का वाटावी?

येथे लाजेचा विषय निघालाच आहे, तर आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो. आम्ही शाळेत असताना एका दुपारी भोके पाडण्याच्या यंत्रावर काम करीत होतो. टोकदार पाते चकमध्ये बसविले, किल्लीने आवळले आणि किल्ली तेथेच विसरून बटण दाबले. किल्ली सुटली आणि समोरच्या भिंतीवर आदळली. चुन्याचा रुपयाएवढा पोपडा निघाला. जवळ कोणी नव्हते. आम्ही किल्ली उचलली, पोपड्याची पांढरी पूड पायाने सारली आणि गप्प राहिलो. शिक्षक रागावतील, सोबती हसतील, एवढेच तेव्हा मनात होते. दोन आठवड्यांनी एका वर्गबंधूने त्याच यंत्रावर तीच चूक केली. त्या वेळी किल्ली भिंतीवर गेली नाही. त्याच्या ओठावर बसली. दोन दात पडले आणि ओठाला टाके घालावे लागले. तो मुलगा पुढे कितीतरी दिवस तोंडावर हात धरून बोलत असे. आम्ही त्या दिवशी बोललो असतो, तर किल्लीला दोरी बांधून ती बटणाशेजारच्या खिळ्यावर लटकविण्यास दहा मिनिटे लागली असती. अपघातानंतर नेमके तेच करण्यात आले.

ह्या अनुभवामुळेच आम्ही म्हणतो, की कर्मशाळेत हत्यारांच्या कपाटाइतकीच एका वहीची गरज आहे. जे अपघात होता होता टळले, त्यांची ती वही. कोणाचा हातोडा दांड्यातून निसटला, कोणाच्या बाहीला पट्टा चाटून गेला, जॅक घसरला पण पाय वाचला: हे सर्व त्यात लिहिले जावे, लिहिणाऱ्यास शिक्षा होऊ नये, आणि शनिवारी ती वही सर्वांसमोर वाचली जावी. शिक्षकांनी आपल्या चुकाही त्यात लिहाव्यात. मग मुले लिहितील. काही जुने मिस्त्री अर्धे तुटलेले बोट शौर्यपदकासारखे दाखवितात. त्यांच्या कौशल्याबद्दल आम्हांस आदर आहे. पण ते बोट कसे तुटले, त्या वेळी यंत्र चालू होते की बंद, हे त्यांनी मुलांस बसवून सांगितले, तर तो आदर दुणावेल.

आता थांबविण्याच्या शिक्षणाकडे येऊ. मुख्य बटण कोठे आहे हे प्रत्येक विद्यार्थ्यास डोळे मिटून सापडले पाहिजे. डिझेल इंजिनाचा इंधनपुरवठा तोडणारी तरफ कोणती, ट्रॅक्टरचा पीटीओ सोडविणारा दांडा कोणता, हे सर्वांत लहान मुलासही ठाऊक असले पाहिजे. आणि त्याने ते वापरले, तर मागाहून ती हाक खोटी ठरली तरी त्यास कोणी “भित्रा” म्हणता कामा नये. थांबविण्याचा हक्क कोणा एका मॉनिटरचा नव्हे, त्या छपराखाली उभ्या असलेल्या प्रत्येकाचा असावा. शेजारी उभा असलेला मुलगाच अनेकदा धोका आधी पाहतो. काम करणाऱ्याचे लक्ष कामात असते.

थांबविण्याच्या बटणास तांबडा रंग देण्याची चाल सर्वत्र आहे. ती योग्यच, पण केवळ रंगावर विसंबू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते आणि रंगांधत्वामुळे त्यांस ते शिक्षण सोडावे लागले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. चित्रकलेचे जे नुकसान झाले ते शेतीच्या पदरात लाभ होऊन पडले. बेळगावी त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि 1903 साली लोखंडी नांगर तयार केला, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. सांगावयाचे ते हे, की तुमच्या वर्गातही एखाद्या मुलास तांबडा आणि हिरवा रंग नीट ओळखता येत नसेल, आणि कदाचित त्याचे त्यासही ठाऊक नसेल. म्हणून थांबविण्याचे बटण आकाराने मोठे, छत्रीसारख्या डोक्याचे, तळहाताच्या एका थापेने दबेल असे असावे.

वीज जाणे ही तर आपल्याकडची नित्याचीच बाब. दिवे गेले, चाक फिरावयाचे थांबले, म्हणजे मुलांस वाटते यंत्र थांबले. ते थांबलेले नसते, ते केवळ वाट पाहत असते. अडकलेला पेंढा काढावयास कोणी आत हात घालतो, आणि त्याच क्षणी दूरच्या उपकेंद्रात कोणी वीज सोडतो. म्हणून वीज गेली की प्रथम बटण बंद करावे, मग बोलावे. दुरुस्ती करावयाची असेल तर मुख्य फ्यूज काढून जो दुरुस्ती करणार त्याच्याच खिशात ठेवावा; मित्राच्या नव्हे, शिक्षकांच्याही नव्हे. ट्रॅक्टरच्या बाबतीत किल्लीचा नियम हाच. आणि यंत्र बंद केल्यावरही जड चाक काही काळ फिरत राहते, त्यास थांबावयास वेळ द्यावा. हाताने किंवा लाकूड लावून त्यास थांबविण्याचा पराक्रम करू नये.

हँडल मारून चालू करावयाच्या जुन्या इंजिनाविषयी एक बारीकशी गोष्ट जुनी माणसे सांगत, ती नव्या मुलांपर्यंत पोहोचत नाही. हँडल धरताना अंगठा इतर चार बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीने कवटाळू नये. इंजिनाने उलट झटका दिला, तर हँडल हातातून निसटून जाते. मूठ आवळलेली असली, तर अंगठा किंवा मनगट मोडते. दोन अंगुळांचा फरक, पण तो वाक्यात सांगून उमजत नाही. थंड इंजिनावर, इंधन बंद ठेवून, शिक्षकांनी प्रत्येकाकडून वीस वेळा करून घेतला पाहिजे.

वेल्डिंगविषयी थोडेच सांगतो. रस्त्यालगतच्या दुकानात निळा प्रकाश चमकला की शाळेतून परतणारी मुले रांगेने उभी राहून पाहतात. त्या वेळी काहीच होत नाही, सायंकाळी जेवतानाही काही होत नाही; आणि मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग सुरू होते. दुखणे तासांनी मागे राहून येते, म्हणून मुलास त्याचे कारण कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पाहावयास उभा राहतो. काळ्या भिंगाचा मुखवटा काम करणाऱ्यास हवा. पाहणाऱ्यांसाठी मध्ये पडदा हवा.

पोशाखाचा प्रश्न नाजूक आहे, आणि तो टाळण्यासाठी काही मंडळी “मुलींना ह्या विषयात घेऊच नये” असा सोपा उपाय सुचवितात. ओढणी यंत्रात जाईल म्हणून मुलगी बाहेर, आणि गमछा गळ्यात घेतलेला तिचा भाऊ आत, ह्यात तर्क कोणता? सेकंदाला 9 फेरे घेणारा दांडा ओढणी आणि गमछा ह्यांत भेद करीत नाही. कर्मशाळेच्या दारात एक दांडी असावी. ओढणी, गमछा, हातातील कडे, अंगठी, मनगटाचा लोंबता धागा हे सर्व त्या दारात उतरवावे, केस बांधून टोपीत घालावेत आणि अंगावर चापूनचोपून बसणारा, मागे गाठ असणारा एप्रन घालावा. मनगटाचा धागा श्रद्धेचा असेल तर तो पट्टीने घट्ट बांधून झाकून घ्यावा. त्याने श्रद्धेस बाध येत नाही. चपला चालणार नाहीत. हातमोजे मात्र फिरत्या यंत्रापाशी मुळीच नकोत, हे ऐकून अनेकांस आश्चर्य वाटते. तापलेले लोखंड उचलताना हातमोजा रक्षक आहे. ड्रिलपाशी तोच हाताला आत ओढून नेणारा शत्रू आहे. घरी साडीचा पदर खोचून कडबाकुट्टीवर उभ्या राहणाऱ्या आपल्या आयांना हे कोणी सांगावयाचे? शाळेत शिकलेल्या मुलीनेच ना?

आता कोणी विचारील, ह्यासाठी कायदा नाही काय? आहे, आणि त्याचा इतिहास मराठी वाचकास परका नाही. हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा 1881 साली झाला. त्यात यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती आणि 7 वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची बंदी होती. सात वर्षे! त्यावरून पूर्वीची स्थिती काय होती ते ताडावे. तीन वर्षांनी, 1884 मध्ये, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याच्या सुटीबरोबरच आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्यास तो बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झालेल्याची सोय व्हावी. रविवारची सुटी लोखंड्यांमुळे 1890 मध्ये मिळाली, हे आपण सांगतो. ही दुसरी मागणी मात्र विसरतो. पुढे 1948 च्या कारखाना अधिनियमाने यंत्रांच्या फिरत्या भागांना आवरण बंधनकारक केले आणि अल्पवयीनास पुरेसे शिक्षण व देखरेख असल्यावाचून धोक्याच्या यंत्रावर काम करू देऊ नये असे ठरविले. शेतावर मात्र कायदा उशिरा पोहोचला. मळणीयंत्रे गावोगाव पसरली, हात तुटू लागले, तेव्हा 1983 साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा अधिनियम केला आणि यंत्रावर काम करणाऱ्यास इजा झाल्यास भरपाईची तरतूद केली.

कायदे झाले, पण पाहणारा डोळा कोठवर पोहोचतो? येथून जवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत उतरणारा कामगार डोक्यावर टोप आणि दिवा घेतल्यावाचून खाली जात नाही. कारण त्याने तसे केले तर त्यास अडविणारा कोणी तेथे उभा असतो. ह्याच शाळेत खाण कामगारांची मुले आहेत, त्यांना हे घरी पाहून ठाऊक आहे. खळ्यावर असा कोणी उभा नसतो. शाळेची कर्मशाळा हा काही कारखाना नव्हे, म्हणून तेथेही कारखाना निरीक्षक येत नाही. ज्या ठिकाणी सरकारी डोळा नाही, त्या ठिकाणी आपलाच डोळा ठेवणे भाग आहे, आणि तो ठेवण्याची सवय वयाच्या चौदाव्या वर्षी जितकी सहज जडते तितकी चाळिसाव्या वर्षी जडत नाही.

हाताने शिकण्याचा विचार आपल्या भागास नवा नाही. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नयी तालीमची कल्पना मांडली, तेव्हा वर्धा आणि बालाघाट एकाच प्रांतात होते. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशी शाळांची आणि ग्रामीण शाळांत शेतीशिक्षणाची शिफारस केली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी विज्ञान आश्रम स्थापिला. अमेरिकेत पीएच. डी. केलेला आणि मोठ्या कंपनीच्या संशोधनशाळेत काम केलेला हा शास्त्रज्ञ एका दुष्काळी गावी येऊन राहिला, आणि शाळेने मुलांकडून गावाच्या खऱ्या गरजेचे काम करवून घ्यावे, लुटुपुटीचे नव्हे, हे त्याने करून दाखविले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या काळात 10 दिवस दप्तराविना कारागिरांकडे शिकण्याची योजना आहे. हे सर्व चांगलेच आहे. परंतु चरख्याने कोणाचा हात तुटत नसे. आज आपण ज्या वस्तू मुलांच्या हाती देतो, त्यांस विजेचे आणि डिझेलचे बळ आहे. आणि बळ वाढले तसा थांबविण्याचा अभ्यासही वाढावयास हवा होता. तो वाढला नाही, ही आमची तक्रार आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत सुबक सांध्यास गुण मिळतात, अचूक मापास मिळतात. यंत्र बंद केल्यावाचून आत हात घालणाऱ्याचे गुण कोणी कापीत नाही. आमचे चालले तर अशा उमेदवाराची परीक्षा तेथल्या तेथे थांबवू, मग त्याचा सांधा कितीही सुबक असो.

आपल्याच राज्यात नर्मदेकाठी बुदनी येथे 1955 पासून ट्रॅक्टर व शेतकी यंत्रे चालविण्याचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे, आणि भोपाळला 1976 पासून केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे, जेथे शेतीकामातील अपघातांचाही अभ्यास होतो. आपल्या शिक्षकांपैकी एखाद्यास सुटीत अशा ठिकाणी काही दिवस शिकण्यास पाठविणे शाळेच्या समितीस अशक्य नाही. स्नेहसंमेलनाच्या मंडपाला जो खर्च येतो, त्यात ते सहज बसेल. (मंडपवाल्यांनी राग मानू नये.)

आणि आता एक सूचना. आपल्या कर्मशाळेत पत्र्याचे काम शिकताना मुले वर्षानुवर्षे सुपली, डबे आणि नरसाळी करीत आली आहेत. त्यांतील निम्मी गळतात आणि उरलेली कपाटात गंजतात. त्याऐवजी मुलांनी मळणीयंत्राचे तोंड बनवावे. पेंढी ज्या पन्हळीतून आत लोटतात, तिच्याविषयी भारतीय मानक ठरलेले आहे. ते प्रथम 1979 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार ही पन्हळ निदान 90 सेंटीमीटर लांब असावी, आणि ड्रमकडील निदान 45 सेंटीमीटर भाग वरून झाकलेला असावा. ह्याचे कारण साधे आहे: माणसाचा हात तेवढा लांब नसतो. झोपेत तोल गेला, पाय घसरला, तरी बोटे फिरत्या दात्यांपर्यंत पोहोचत नाहीत. हे आवरण पुष्कळ ठिकाणी काढून टाकलेले दिसते. पेंढी लवकर जात नाही, वाकावे लागते, भाडे तासावर द्यावे लागते, अशी कारणे सांगतात. ती कारणे खोटी नाहीत. म्हणून मालकास दोष देऊन न थांबता, पेंढी अडकणार नाही अशा उताराची, गुळगुळीत, कडा दुमडलेली पन्हळ आमच्या मुलांनी करून द्यावी आणि पत्र्याची तेवढी किंमत घ्यावी. दुमड, रिबिट, सांधा, कोन मोजणे, सारा अभ्यासक्रम त्या एका वस्तूत येतो. पीटीओच्या दांड्यावरील आवरणाचे मात्र असे घरगुती काम करू नये. ते तयार मिळते, तेच घ्यावे.

ह्या कामाचा पहिला धडा कर्मशाळेत नव्हे, घरी आहे. प्रत्येकाने आपल्या किंवा शेजारच्या खळ्यावर जावे. यंत्र बंद असताना, किल्ली मालकाच्या खिशात असताना जावे. मोजपट्टीने पन्हळीची लांबी मोजावी, झाकलेला भाग मोजावा, आणि झाकण नसेल तर ते कोणी व का काढले हे विचारून वहीत लिहावे. विचारताना मोठ्यांशी वाद घालू नये. काका, दादा म्हणून नम्रपणे विचारावे, उत्तर मिळते.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही आमच्या चुलत्यांच्या खळ्यावर जाऊन मोजून आलो. पन्हळ 52 सेंटीमीटर भरली. वर झाकण नव्हते. ते जेथे बसविलेले असावे, तेथे बोल्टांची चार भोके मात्र होती, आणि त्यांतील एकात कोणी तरी पेंढ्या बांधण्याची दोरी ओवून ठेवली होती.